आदिवासी विद्यार्थ्यांसाठी नेतृत्व शिबिर घ्यायचंय; पण त्यात शिकवायचं काय?

रानवाट

जोहार मंडळी.

आमच्या भागातल्या पदवीच्या आदिवासी मुलामुलींसाठी नेतृत्व विकासाचा एक कार्यक्रम घ्यायचा, असं आम्ही काही प्राध्यापकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय. मुलं गोंडवाना विद्यापीठाच्या वेगवेगळ्या महाविद्यालयांतली. गोंड, माडिया, परधान, हलबी. बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस. पैसे थोडे आहेत, माणसं मात्र मनापासून लागलीत. कार्यक्रमाचा कच्चा आराखडा परवा हाती आला आणि वाचून मन खट्टू झालं. म्हणून हा धागा.

आराखड्यात व्यक्तिमत्त्व विकास आहे, वक्तृत्व आहे, वेळेचं नियोजन आहे, मुलाखतीची तयारी आहे आणि समारोपाला एका मोठ्या अधिकाऱ्याचं भाषण आहे. यातलं वाईट काहीच नाही. पण सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे, की या मुलांमध्ये काहीतरी उणं आहे आणि बाहेरच्या कुणीतरी येऊन ते भरून काढायचंय. आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा १९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेत बोलले ते नेमकं याच्या उलट होतं. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका, असं त्यांनी भर सभेत सांगितलं.

आमच्या जिल्ह्यात आज नेतृत्वाची चणचण कुठे आहे ते सांगतो. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा गावाचा हक्क, मिळाला, त्यानंतर गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना मिळाला. हक्क आला तसा कारभारही आला. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सत्तर पानांचं एक पुडकं. घरातली सगळी माणसं पहाटे जंगलात जातात, दुपारभर घरी बसून पुडकी बांधतात आणि दिवस कलला की फळीवर, म्हणजे पुडकी जमा करायच्या जागी, येतात. तिथे पुडकी ओळीने मांडली जातात, मोजली जातात, ज्याच्या त्याच्या कार्डावर आकडा चढतो. हजार पुडक्यांची एक गोणी, गोणीमागे ठरलेला दर. जिथे ग्रामसभा स्वतः तेंदू विकते तिथे लिलावाची जाहिरात, ठेकेदाराशी करारनामा, आगाऊ रक्कम किती, रॉयल्टीचा हप्ता कधी, वाहतूक परवान्यावर सही कुणाची, हे सगळं ग्रामसभेच्या अंगावर येतं. करारनाम्यात एखादी अट ढिली राहिली की गावाची वर्षाची कमाई अडकून पडते. त्या वेळी गावातली वाणिज्य शाखेची मुलगी वही घेऊन फळीवर बसलेली असावी, असं मला फार वाटतं. करारनामा वाचताना गावाने तिला हाक मारावी. ती ज्या दिवशी उभी राहून म्हणेल की ही अट आपल्याला परवडणारी नाही, त्या दिवशी तिचं नेतृत्व सुरू झालं.

मेंढ्यात हे आधीपासून होतं. तिथली ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास गट बसतो. कायदा काय म्हणतो, वनखात्याचं पत्र काय म्हणतं, बाहेरचा कुणी जाणकार असेल तर त्याचं काय म्हणणं, हे सगळं तिथे वाचलं जातं, बोललं जातं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागची ही वाचायची आणि ऐकून घ्यायची सवय कमी जणांना माहीत आहे. माझ्या मते आमच्या कार्यक्रमाचा गाभा हाच असावा. मुलांनी एकेका ग्रामसभेच्या अभ्यास गटात बसायचं.

राजकारणातही याचा पुरावा आहे. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत आमच्याकडच्या ग्रामसभांनी स्वतःचे उमेदवार उभे केले. भामरागडकडून ॲड. लालसू नोगोटी निवडून आले. माडिया समाजातले ते पहिले वकील. शिक्षण आणि ग्रामसभा, दोन्ही पायांवर उभं राहिलेलं नेतृत्व ते हे.

आता माझा प्रश्न. कार्यक्रम गावात घ्यायचा, तर तो कसा बांधायचा? तेंदूच्या हंगामात विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा असतात. आणि तुमच्या भागात असं काही झालंय का? नाशिक, नंदुरबार, पालघर, मेळघाट, कुठचंही सांगा.

निवृत्त_गृहपाल

रानवाट, तुमची तळमळ पोचली. मी आदिवासी नाही, पण नोकरीची सगळी वर्षं आदिवासी मुलांच्या वसतिगृहांत गेली, त्या अधिकाराने थोडं वेगळं मत मांडतो.

व्यक्तिमत्त्व विकास, वक्तृत्व हे शब्द कानाला गुळगुळीत लागतात हे मान्य. पण त्यामागची गरज खरी आहे. माझ्या वसतिगृहातला एक मुलगा वनहक्काच्या दाव्याची फाइल डोळे मिटून लावायचा. कुठलं पत्र कुठल्या पत्राच्या मागे जातं, प्रांत कार्यालयात कुठल्या टेबलावर काय अडतं, सगळं ठाऊक. तोच मुलगा तोंडी परीक्षेत तीन माणसांपुढे बसला आणि स्वतःचं गावसुद्धा नीट सांगू शकला नाही. घाम फुटला त्याला. ज्ञान होतं, पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर द्यायची सवय नव्हती. ती सवय शिबिरात लागू शकते. मी लावलेली आहे.

दुसरं, अधिकारी होणं हेही नेतृत्वच आहे. डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबातले, डॉक्टर झाले, भारतीय प्रशासकीय सेवेत गेले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. त्या खुर्चीत आपल्या भाषेत बोलणारा माणूस बसला, याने किती पोरांच्या मनातली भीती गेली ते मी पाहिलंय. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींना राखीव आहेत, लोकसभेच्या ४. त्या जागांवर बसणाऱ्यांना प्रश्न मांडता यायला नको का? मुंबईत, दिल्लीत बोलताना फळीवरचा हिशेब पुरत नाही.

म्हणून विनंती आहे, आराखडा फेकून देऊ नका. गावही ठेवा आणि मुलाखतीची तयारीही ठेवा.

सातपुड्याची_लेक

आप की जय. मी अक्राणी तालुक्यातली, पावरा. सध्या नाशिकला समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

रानवाट दादा, तुमचं फळीचं वर्णन वाचून छान वाटलं. आमच्याकडे तेंदूपेक्षा मोह आणि चारोळी जास्त, पण हिशेबाची गोष्ट तीच. तरी एक बोलते, राग मानू नका. ग्रामसभा म्हटलं की सगळं चांगलंच, असं आमच्याकडे नाही. बैठकीत बाया मागे बसतात. पंचांत पुरुषच. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असाव्यात असं कायद्यात लिहिलंय, म्हणून नावं लिहिली जातात, सह्या घरी येऊन घेतल्या जातात. आणि डाकीण ठरवायची प्रथा अजून गेलेली नाही. कुणाचं मूल दगावलं, कुणाचा बैल मेला की एखाद्या विधवेकडे बोट जातं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण पोलीस ठाणं डोंगर उतरून गेल्यावर येतं, आणि बोट दाखवणारा माणूस आपलाच काका असतो.

अशा वेळी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने काय करायचं? हे कुठल्याच शिबिरात शिकवलं जात नाही. आमच्या पाड्यावर एका बाईबद्दल कुजबुज सुरू झाली तेव्हा आम्ही तिघी मैत्रिणींनी बैठकीत भाषण केलं नाही. आधी त्या बाईच्या घरी रात्री झोपायला गेलो. मग आशाताईंना घेऊन ज्या घरातलं मूल आजारी होतं तिथे गेलो, त्याला मोलगीच्या दवाखान्यात नेलं. मूल बरं झालं. मग आमच्यातली जी सगळ्यांत मोठी होती तिच्या आजीने पंचांशी बोलणं काढलं, कारण आजीचं ते ऐकणार होते, आमचं नाही. कुणाला कुठे पुढे करायचं आणि आपण कुठे गप्प बसायचं, हे कळणं मला नेतृत्वातलं सगळ्यांत अवघड वाटतं.

दुसरी गोष्ट मोर्चाची. २०१८ मध्ये वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरलं, त्याविरुद्ध जुलै महिन्यात पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे विद्यार्थी पायी निघाले. माझी मोठी बहीण त्यात होती. नाशिक जिल्ह्यात पोलिसांनी मोर्चा अडवला, ते पेपरात आलं. जे आलं नाही ते तिच्याकडून ऐकलं. मुलींच्या मुक्कामाची जागा कोण बघणार, पाळी आलेल्या मुलींना गाडीत कसं बसवायचं, भर पावसात पायाला फोड आलेल्यांना कुठे थांबवायचं, निवेदनात शेवटी कुठल्या मागण्या ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या, हे सगळं विशीच्या मुलामुलींनी ठरवलं. आज त्यातले कितीतरी जण आपापल्या तालुक्यात कामाला लागलेत. बहीण सांगते, तिला सभेत बोलायची भीती तिथेच गेली, कारण रात्री शंभर मुलींना उद्याचा रस्ता समजावून सांगायचा होता आणि सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

गृहपाल सर, नजरेला नजर द्यायची सवय लागली पाहिजे हे तुमचं अगदी खरं. पण ती सवय मोडते कुठे हेही बघा ना सर. वसतिगृहात मुलांनी जेवणाबद्दल तक्रार केली की प्रवेश रद्द करायची भीती घालतात. ज्या मुलाला तीन वर्षं मान खाली घालायला लावलं, त्याला तीन दिवसांच्या शिबिरात मान वर करायला कशी शिकवणार?

निवृत्त_गृहपाल

ताई, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. वसतिगृहात विद्यार्थ्यांची भोजन समिती असावी, तिने भाजी-किराणा तपासावा, नोंदवहीत लिहावं, ही गोष्ट कागदावर असते. जिथे ती खरोखर चालते तिथे मुलं वेगळी घडतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुरवठादाराच्या माणसासमोर उभं राहून 'हा तांदूळ परत न्या' म्हणणारा मुलगा मुलाखतीला घाबरत नाही. रानवाट, तुमच्या कार्यक्रमात वसतिगृहाच्या समित्याही घ्या. गावाइतकीच ती जागा महत्त्वाची आहे, आणि मुलं वर्षातले दहा महिने तिथेच असतात.

वाडीवरचा

मी कातकरी, रायगड जिल्हा. कर्जतला शिकतो.

सगळ्यांचं वाचलं. आमची गोष्ट निराळी आहे म्हणून लिहितो. तुम्ही ग्रामसभेच्या ज्या अधिकारांबद्दल बोलता, त्यामागचा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आम्हाला लागूच नाही. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे, त्यात रायगड नाही. आमची वाडी गावात मोजतात, पण गावाच्या ग्रामसभेत आम्ही मूठभर. बोललो तरी ऐकणार कोण? त्यात दिवाळी झाली की वाडी रिकामी. कुणी वीटभट्टीवर, कुणी कोळसा पाडायला. पावसाच्या तोंडावर परत येतात. मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेला वाडीतलं माणूस असेल कसं? म्हातारी आणि पोरं तेवढी असतात.

आमच्यात कॉलेजपर्यंत पोचलेली मुलं बोटावर मोजण्याइतकी. त्यांना आधी कॉलेजात टिकायचंय. आणि टिकायचं तर पहिला अडसर जातीचा दाखला. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. ज्यांचे आजे भट्टीभट्टीने फिरले, ज्यांच्या नावावर घराखालची जमीनसुद्धा नाही, त्यांनी पुरावा आणायचा कुठून? आजा शाळेत गेला असता तर दाखल्यावर जात असती. तो गेलाच नाही.

मी आणि माझा मित्र दोन वर्षं हेच काम करतोय. कुणाच्या चुलत आज्याचं नाव जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडतं का ते बघायचं, वंशावळ लिहायची, म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायचे, तलाठ्याकडे गृहचौकशीसाठी मागे लागायचं. एका शाळेत मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढून दिलं, पानं वाळवीने खाल्लेली. त्यातून एक नाव मिळालं आणि त्या एका नावावर भावकीतल्या सगळ्या पोरांचे दाखले निघाले. त्या दिवशी वाडीत जेवण केलं लोकांनी. मला नेतृत्व म्हणजे काय ते माहीत नाही, पण आता वाडीत कुणाचंही काम असलं तरी मला बोलावतात.

रानवाट दादा, तुमच्या शिबिरात कागद कसे शोधायचे हे शिकवा. खरंच शिकवा.

दूरदेशी

नमस्कार. मी मूळची नागपूरची, बरीच वर्षं सिडनीत आहे, इथल्या एका विद्यापीठाच्या कार्यालयात काम करते. इथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी विद्यार्थ्यांशी रोजचा संबंध येतो, म्हणून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटली.

चार्ल्स पर्किन्स हे सिडनी विद्यापीठातले ॲबोरिजिनल विद्यार्थी. १९६५ च्या फेब्रुवारीत त्यांनी तीसेक विद्यार्थ्यांना घेऊन बसने न्यू साउथ वेल्सच्या आतल्या गावांचा दौरा काढला. बसमधले बहुतेक जण गोरे होते, पुढारी मात्र पर्किन्स. गावोगावी जाऊन त्यांनी ॲबोरिजिनल वस्त्यांची पाहणी केली, प्रश्नावली भरून घेतल्या. वॉलगेटला माजी सैनिकांच्या क्लबात ॲबोरिजिनल सैनिकांनाच प्रवेश नव्हता, तिथे ते भर उन्हात फलक घेऊन उभे राहिले. मोरी नावाच्या गावात पालिकेच्या पोहण्याच्या तलावात ॲबोरिजिनल मुलांना मज्जाव होता. पर्किन्स त्या मुलांना घेऊन तलावाच्या दारात गेले. जमावाने अंडी, टोमॅटो फेकले, पण ते हटले नाहीत. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, ॲबोरिजिनल लोकांना जनगणनेत मोजण्याबद्दलचं सार्वमत झालं आणि ते प्रचंड मतांनी मंजूर झालं. त्यासाठी कितीतरी लोक आधीपासून झटत होते, पण या बसने देशाला ते चित्र दाखवलं. पर्किन्स पुढे ॲबोरिजिनल खात्याचे सर्वोच्च सचिव झाले.

आज इथल्या बहुतेक विद्यापीठांत ॲबोरिजिनल विद्यार्थ्यांसाठी वेगळं केंद्र असतं. अभ्यासाला जागा, शिकवणी, शिष्यवृत्तीचं मार्गदर्शन हे असतंच. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की समाजातल्या वडीलधाऱ्या माणसांना विद्यापीठात मानाने, मानधन देऊन बसवलं जातं. मुलगा परीक्षेत नापास झाला, घरी कुणी गेलं, गावाकडून दबाव आला की तो त्यांच्यापाशी जाऊन बसतो. आपल्या विद्यापीठांत गायता, पुजारी, गावची जाणती म्हातारी यांना अशी खुर्ची मिळाली तर?

सातपुड्याची_लेक

दूरदेशी ताई, तलावाच्या दाराची गोष्ट आमच्या ग्रुपवर टाकते. वडीलधाऱ्यांची कल्पना फार आवडली. माझी आजी जे देवगाणं जाणते ते आमच्या कॉलेजातल्या कुणालाच येत नाही, आणि ती कॉलेजच्या फाटकातसुद्धा आली नाही कधी.

पुण्यातून_मीरा

मी आदिवासी नाही, या विषयातलं फारसं कळतही नाही. आमच्या महाविद्यालयात जुन्नर, आंबेगाव, अकोले भागातली बरीच आदिवासी मुलं आहेत. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाचे आणि १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांच्या जयंतीचे कार्यक्रम होतात. एक शिक्षिका म्हणून मी आणखी काय करू शकते, हे कळकळीने विचारते आहे.

रानवाट

मीराताई, विचारलंत हे बरं केलंत. ९ ऑगस्टला मुलांना नाच बसवायला सांगितलं जातं. नाच आमचा आहे, आनंदाने करतील. पण बिरसा मुंडांच्या जयंतीला मुलांनीच विषय ठरवावा, वक्ता ठरवावा, खर्चाचा हिशेब द्यावा, असं करून बघा. राघोजी भांगरे तुमच्याच भागातले, महादेव कोळी समाजाचे. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. त्यांच्यावर अकोले तालुक्यातल्या मुलांनी स्वतः गावात जाऊन माहिती जमवली आणि वर्गापुढे मांडली, तर त्या एका कामात किती काय शिकतील.

आणि एक. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायचं ठरलं, तरी मुलांच्या हाती मतपत्रिका आलेली नाही. त्यामुळे विद्यार्थी प्रतिनिधी निवडताना गुणांवर नजर जाते, आणि आमची मुलं त्या यादीत वर क्वचित असतात. तुमच्या विभागापुरती जी समिती असेल, मासिकाची, ग्रंथालयाची, सहलीची, तिथे त्यांना खरा अधिकार असलेली जागा द्या.

पोडावरून

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कोलाम. बीएस्सी दुसरं वर्ष. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

तुम्ही सगळे म्हणता मुलांनी गावाच्या कामात यावं. मी येतोच आहे. आमच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, बारावीच्या पुढे गेलेला मी एकटा. रेशनकार्डाचं नाव, घरकुलाची यादी, बँकेतलं केवायसी, म्हातारीचं निराधारचं, सगळं माझ्याकडे येतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन येतो, उद्या तहसीलला चल. नाही म्हटलं तर आईला ऐकावं लागतं की तुझा पोरगा शिकला तसा मोठा झाला. मागच्या सत्रात माझा एक विषय राहिला. सर म्हणतात अभ्यासात लक्ष दे. गाव म्हणतं गावात लक्ष दे. मी एकटा किती करू?

वाडीवरचा

भावा, हे माझंच लिहिलंस. मी एक केलं ते सांगतो. वाडीतली आठवी-नववीची दोन पोरं धरली, त्यांना फॉर्म भरायला शिकवलं. आता आधार आणि रेशनचं ती बघतात, अडलं तर मला फोन. मी फक्त रविवारी बसतो, समाजमंदिरात, सकाळी. बाकी दिवस कॉलेजचे. पहिले काही दिवस लोक चिडले. नंतर सवय झाली.

सातपुड्याची_लेक

पोडावरून दादा, आधी राहिलेला विषय काढा. पोडाला पदवीधर पाहिजे, अर्धवट सोडलेला नको, हे पोडाच्या नाईकाला तुमच्या एखाद्या सरांनी येऊन सांगितलं तर फरक पडेल. आमच्याकडे बाहेरच्या माणसाचं हे ऐकतात. आईवर येणारा बोलही त्याने थांबेल.

निवृत्त_गृहपाल

कुठलं महाविद्यालय ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. यवतमाळला माझे जुने सहकारी आहेत, पोडावर जाऊन बोलायला ते तयार होतील. विषय कुठला राहिलाय तेही लिहा, शिकवणारं माणूस बघतो.

रानवाट

या धाग्याने आमचा आराखडा पार बदलला. पोडावरूनच्या प्रश्नाला मी सगळ्यांत वर ठेवतोय. एकट्या मुलावर गाव टाकायचं नाही. एका गावातून किमान तिघं घ्यायची, त्यात निदान एक मुलगी, आणि एक शाळेतलं. गावात पदवीचं एकच असेल तर शेजारच्या गावाची जोडी लावायची. आणि ग्रामसभेला आधी लेखी कळवायचं की परीक्षेच्या काळात या मुलांना बोलावू नये. ग्रामसभेने तसा ठराव घ्यावा, असं आमचं मागणं राहील. ठराव झाला की आईबापांवर येणारा बोल आपोआप कमी होतो, कारण ते मग त्या पोराचं म्हणणं राहत नाही, गावाचं होतं.

हंगाम आणि परीक्षेचा गुंताही सुटतोय असं दिसतं. काल एका जुन्या ग्रामसभा अध्यक्षांशी बोललो. ते म्हणाले, मे महिन्यात पोरांना बोलावताच कशाला, फळीवर मोजायला माणसं आहेत आमच्याकडे. आम्हाला पोरं पाहिजेत ती हिवाळ्यात, लिलाव आणि करारनाम्याच्या वेळी. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर तेव्हाच असतं. त्याला निधी आहे, परवानगी आहे, फक्त गाव निवडायचं आणि कामाचं स्वरूप बदलायचं. दिवसा श्रमदान होईलच. संध्याकाळी मागच्या हंगामाचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचायचा, नव्या करारनाम्याच्या मसुद्यातली एकेक अट गोंडीत समजावून सांगायची, आणि पेसाच्या अबंध निधीचं (कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायच्या पैशांचं) पासबुक काढून ते पैसे कशावर खर्च झाले ते निधी सांभाळणाऱ्या कोष समितीला विचारायचं. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पाला आणि समुदाय सहभागाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. मुलांचं हे काम त्यात बसवता येतं का, यासाठी विद्यापीठाकडे पत्र देतोय.

गृहपाल सर, बोलण्याची तयारी ठेवतोय, तुम्ही म्हणता तशी. फक्त ती ग्रामसभेसमोर होईल, मग तहसीलदारांसमोर, आणि शेवटी मुलाखतीसारखी तीन खुर्च्यांसमोर. तिसऱ्या खुर्चीत तुम्ही बसाल का? येण्याजाण्याचं आम्ही बघतो.

लेकीबाई, मुलींच्या बाबतीत तुम्ही जे लिहिलंत त्यावर आमच्याकडे कुणाचाच पुरेसा अनुभव नाही. कोरचीच्या महाग्रामसभेत (तिथल्या अनेक ग्रामसभांच्या संघात) कुमारीबाई जमकातन यांच्यासारख्या बायांनी ग्रामसभेत बायांना पुढच्या रांगेत आणून बसवलं, त्यांना एक दिवस मागणार आहे. तुम्ही आणि तुमची बहीण आलात तर मुली तुमच्याशी मोकळ्या बोलतील.

वाडीवरच्या, कागद शोधण्याचं सत्र तूच घे. मानधन देऊ. जुन्या शाळेच्या रजिस्टरपासून वंशावळीपर्यंत जसं केलंस तसंच सांग, भाषण नको.

वाडीवरचा

येतो. पण दिवाळीनंतर लगेच ठेवू नका, तेव्हा वाडी भट्टीवर निघते, पोरांची शाळा सुटू नये म्हणून मला थांबावं लागतं. जानेवारी चालेल. गडचिरोलीत दाखल्यासाठी काय कागद मागतात ते आधी पाठवा, आमच्याकडचं आणि तुमच्याकडचं जुळवून बघतो.

निवृत्त_गृहपाल

बसेन. गाडीभाडं नको.

रानवाट

जानेवारीचा दुसरा आठवडा धरू. कागदांची यादी आणि ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो. मेळघाटातून अजून कुणी बोललं नाही. पायविहीरकडचं कुणी वाचत असेल तर लिहा, सीताफळाच्या विक्रीचा हिशेब तिथली मुलं कशी ठेवतात ते आम्हाला बघायचंय.